जुन्या गाडीचा हेडलाइट : नवा बल्ब घेण्याआधी

प्रीमियर पद्मिनी, फियाट ११००, अ‍ॅम्बॅसडर, स्टँडर्ड हेरल्ड, मॉरिस मायनर अशा गाड्या हौसेनं सांभाळणारे वाचक एक प्रश्न सतत विचारतात. हेडलाइट मंद झाला किंवा एका बाजूचा बंद पडला, बल्ब बदलला तरी फरक नाही, आणि आता वायरमन म्हणतो की अख्खं वायरिंग बदलायला हवं. बदलावं का? त्यापेक्षा एलईडी बसवली तर? आणि आरटीओत तपासणीला गाडी न्यायची झाली तर काय?

बहुतेक गाड्यांपुरतं उत्तर असं आहे : वायरिंगला हात लावू नका आणि बल्बही घाईनं घेऊ नका. बॅटरीतून निघालेला करंट दिव्यापर्यंत पोचताना कुठे अडतो, ते आधी शोधा. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत तो बहुधा सांध्यात नाही तर अर्थिंगमध्ये अडतो. हे दोन्ही दोष पॉलिश पेपर आणि पान्यानं दुरुस्त होतात.

आधी लक्षण नीट पाहा

अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करा. एकाला स्टिअरिंगवर बसवून अपर आणि डिपर आळीपाळीनं लावायला सांगा. तुम्ही समोर उभं राहून काय दिसतं ते लिहून काढा. नुसतं ‘लाइट चालत नाही’ एवढं सांगून गाडी गॅरेजला दिली, तर काहीही बदललं जाऊ शकतं.

- एका दिव्याचा फक्त अपर किंवा फक्त डिपर बंद : बल्बमधला तो फिलामेंट तुटला असेल किंवा होल्डरचा तो एक दात सैल झाला असेल. फियाटसारख्या गाडीत डाव्या-उजव्या दिव्यांना वेगळे फ्यूज असतात, तेही पाहा.
- एका बाजूचे दोन्ही बंद : त्या दिव्याचं अर्थिंग किंवा होल्डर.
- दोन्ही बाजूंचे डिपर बंद, अपर चालू (किंवा उलट) : डिपर स्विच, फ्यूज, आणि रिले बसवलेला असेल तर तो.
- सगळंच बंद, पण हॉर्न आणि पार्किंग लाइट चालू : डॅशबोर्डवरचा मुख्य स्विच किंवा त्याला येणारी वायर.
- काही मिनिटं चालू, मग बंद, थोड्या वेळानं परत चालू : सांधा तापून सुटतो आहे. डॉज, शेव्हर्लेसारख्या अमेरिकन गाड्यांत स्विचमध्येच तापून तुटणारा ब्रेकर असतो. तो सुटत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा दिवे जादा वॅटचे आहेत.
- बल्ब वारंवार उडतात : चार्जिंग जास्त होतं आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

एक लक्षण मात्र भल्याभल्यांना चकवतं. डिपर लावला की एका दिव्यात अपर आणि डिपर दोन्ही फिलामेंट लालसर मिणमिणतात, आणि डॅशबोर्डवरचा अपरचा निळा दिवाही अर्धवट पेटतो. वायरमन डिपर स्विच बदलतो, फरक पडत नाही. दोष स्विचमध्ये नसतोच. त्या दिव्याचं अर्थिंग तुटलेलं असतं. डिपरच्या फिलामेंटमधून गेलेल्या करंटला बॉडीत जायला वाट मिळत नाही. मग तो त्याच बल्बच्या अपर फिलामेंटमधून उलटा मागे जातो आणि निळ्या दिव्यातून व पलीकडच्या हेडलाइटमधून अर्थ शोधतो. हे दिसलं की बाकी काही न उघडता थेट अर्थिंगकडे जा.

हाताशी काय हवं

टेस्ट लॅम्प, साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन्ही टोकांना क्लिप लावलेली दोनेक मीटर वायर, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि थोडं व्हॅसलीन. एवढं पुरतं.

काम सुरू करण्याआधी बॉनेट उघडून बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलं आहे ते पाहा. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये प्लस टोक बॉडीला असू शकतं. मॉरिस मायनर हे त्याचं ठळक उदाहरण. अशा गाडीत सवयीनं मायनसला अर्थ समजून काम केलं, तर रेडिओ किंवा नंतर बसवलेलं इलेक्ट्रॉनिक सामान जळतं. खालच्या सूचना मायनस अर्थच्या गाडीसाठी आहेत. तुमची गाडी प्लस अर्थची असेल तर टोकं उलटी धरा. स्विच किंवा फ्यूजबॉक्स खोलण्याआधी बॅटरीचं अर्थचं टोक सोडा.

बल्ब आणि होल्डर

बल्ब काढून फिलामेंट पाहा. काच आतून काळपट किंवा चंदेरी झाली असेल तर फिलामेंट शाबूत असला तरी बल्ब संपत आला आहे. नवा घेताना बूड जुळवून घ्या. बऱ्याच जुन्या दिव्यांत पी-४५-टी बुडाचा ४५/४० वॅटचा बल्ब असतो. हल्लीच्या हॅलोजन एच-४ चं बूड पी-४३-टी असतं आणि वॅट ६०/५५. दोन्ही दिसायला जवळचे, पण एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत. ठोकून किंवा वळवून बसवलेला बल्ब रिफ्लेक्टरच्या केंद्रात राहत नाही आणि उजेड झाडांवर जातो. जुन्या रिफ्लेक्टरसाठी पी-४५-टी बुडावरचे हॅलोजन बल्बही मिळतात, तसलाच मागा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटनं पुसा.

काही गाड्यांत सात इंची सील्ड बीम असतो. काच, रिफ्लेक्टर, फिलामेंट सगळं एकसंध. तिथे बल्ब बदलता येत नाही, पूर्ण दिवा बदलावा लागतो.

होल्डर हातात घेऊन बघा. प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा दात काळे पडले असतील, तर त्यात नवा बल्ब लावून उपयोग नाही. होल्डरच बदला. चिनी मातीचा मिळाला तर उत्तम, तो वितळत नाही.

रिफ्लेक्टर मात्र जपा. आतला चंदेरी मुलामा फार नाजूक असतो. फडक्यानं पुसलात की तो निघून येतो. धूळ असेल तर हवेनं उडवा. मुलामा काळवंडलाच असेल तर कितीही वॅटचा बल्ब लावून उजेड वाढणार नाही. तो पुन्हा करून घ्यावा लागतो किंवा दुसरा शोधावा लागतो.

अर्थिंग : इथे सर्वाधिक वेळ घाला

हेडलाइटची अर्थची वायर बहुधा मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर एका स्क्रूनं आवळलेली असते. पावसाळ्यात पुढच्या चाकानं उडवलेलं पाणी आणि चिखल तिथेच बसतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेनं तो स्क्रू वर्षा-दोन वर्षांत गंजून जातो. वरून घट्ट दिसतो, आत मात्र लोखंडाला लोखंड टेकत नाही.

दुसरं कारण तर अनेकांच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे नवा रंग. गाडी हौसेनं पूर्ण रंगवून घेतली आणि घरी आणल्यावर हेडलाइट मंद झाले, असं कितीतरी जण कळवतात. पेंटरनं अर्थची वायर सोडली, पत्रा प्रायमर-रंगानं झाकला आणि रंगावरच स्क्रू आवळला. रंगातून करंट जात नाही. जेवढा जातो तो स्क्रूच्या आट्यांतून. गाडी रंगाला देताना ‘अर्थच्या जागांवर टेप लावा’ असं लिहूनच द्या.

तपासणी सोपी आहे. हेडलाइट चालू ठेवा. दोन मीटरच्या वायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं दिव्याच्या अर्थच्या दाताला लावा. उजेड एकदम वाढला, तर दोष सापडला. स्क्रू काढा, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत पॉलिश पेपरनं घासा, वायरच्या टोकाला नवा थिंबल दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीपासून बॉडीला येणारा आणि बॉडीपासून इंजिनाला जाणारा पट्टाही असाच साफ करा. या पट्ट्यामुळे बिघडलेले हेडलाइट पुष्कळ असतात आणि तिकडे कुणी बघत नाही.

व्होल्ट कुठे गळतात ते मोजा

अर्थिंग ठीक असूनही उजेड मंद असेल, तर मल्टिमीटर घ्या. बल्ब काढून मोजू नका. करंट वाहत नसताना कुजका सांधासुद्धा बारा व्होल्ट दाखवतो आणि तुम्ही फसता. दिवे चालू असतानाच मोजा.

- बॅटरीच्या दोन टोकांवर : इंजिन बंद, दिवे बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट. बरंच कमी असेल तर आधी बॅटरी चार्ज करा.
- मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी बल्बच्या प्लस दातावर, दिवे चालू : जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे वाटेत गळतात. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. त्यापेक्षा जास्त असेल तर शोध घ्या.
- लाल पिन बल्बच्या अर्थच्या दातावर, काळी बॅटरीच्या मायनसवर : ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग पुन्हा साफ करा.

दीड व्होल्टनं काय बिघडतं, असं वाटेल. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगानं घटतो. बाराऐवजी साडेदहा व्होल्ट पोचले, तर उजेड एक तृतीयांशाहून अधिक कमी होतो. घाटात समोरून ट्रक आला की मग रस्त्याची कड दिसत नाही. एवढा उजेड नवा बल्ब भरून देत नाही, साफ केलेला सांधा देतो.

जास्त गळती दिसली तर काळी पिन एकेक टप्पा मागे सरकवत न्या : होल्डर, मडगार्डजवळचा जोड, डिपर स्विच, फ्यूज, मुख्य स्विच. ज्या टप्प्यावर आकडा एकदम खाली येतो, त्याच्या पुढच्या सांध्यात दोष.

ब्रिटिश वंशाच्या गाड्यांत वायरचे रंग मदत करतात. तपकिरी म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, निळी मुख्य स्विचकडून डिपर स्विचकडे, निळ्यावर पांढरी रेघ अपरची, निळ्यावर लाल रेघ डिपरची, काळी अर्थ. पूर्वी कुणी हाताला येईल ती वायर जोडली असेल, तर रंगांवर विसंबू नका.

फ्यूज आणि स्विच

फियाट घराण्याच्या गाड्यांत टोकदार चिनी मातीचे फ्यूज असतात. फ्यूज शाबूत दिसला तरी त्याच्या टोकावर आणि पकडणाऱ्या पत्तीवर थर जमतो. जागच्या जागी दोन-तीनदा फिरवला आणि दिवा लागला, तर पत्त्या साफ करून चिमट्यानं थोड्या आत दाबा. फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे. ती दिसली तर त्याच क्षणी काढून टाका.

मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेल्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये आणि त्या पिढीच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत हेडलाइटला मुळात फ्यूजच नसतो. वायर घासून बॉडीला टेकली तर ती सरळ पेटते. तुमच्या गाडीत फ्यूज आहे का ते पाहा आणि नसेल तर आधी तो बसवून घ्या. बाकी दुरुस्ती त्यानंतर.

जुन्या अ‍ॅम्बॅसडरचा डिपर स्विच पायाशी असतो. गालिच्याखाली पाणी मुरून तो गंजतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा दाबला की बरेचदा चालू होतो.

उजेड इंजिनाबरोबर कमी-जास्त होतो?

डायनामोच्या गाडीत इंजिन मंद चालताना दिवे थोडे उतरणं स्वाभाविक आहे. वेग घेतल्यावरही उजेड वाढत नसेल तर डायनामो फिरवणारा पट्टा, त्याचे कार्बन ब्रश आणि कटआउट तपासा. वेगात बॅटरीवर पंधराहून अधिक व्होल्ट दिसले, तर बल्ब उडण्याचं कारण सापडलं. रेग्युलेटर दुरुस्त होईपर्यंत नवा बल्ब लावू नका. अल्टरनेटर बसवलेल्या गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट योग्य समजा.

रिले बसवावा का?

सगळे सांधे साफ करूनही गळती उरत असेल, तर हो. जुन्या स्विचमधून दोन्ही दिव्यांचा पूर्ण करंट जातो. ५५ वॅटचे दोन डिपर नऊ अँपिअरच्या वर घेतात. रिले बसवला की स्विचवर नाममात्र भार राहतो आणि नवा स्विच मिळत नाही अशा गाडीत हे फार मोलाचं आहे.

अपरला एक, डिपरला एक असे दोन चार-पिनी रिले घ्या. ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून २.५ चौरस मिलिमीटरची वायर द्या आणि बॅटरीच्या अगदी जवळ २० अँपिअरचा फ्यूज लावा. ८७ वरून दिव्यांना, ८५ अर्थला, आणि दिव्याकडे येणारी जुनी वायर ८६ ला. मूळ वायरिंग कापू देऊ नका. जुन्या जोडातच नवा जोड घुसवून हे करता येतं आणि उद्या काढलं तर गाडी होती तशी राहते.

यांपासून दूर राहा

- १००/९० वॅटचे बल्ब. दोन अपर मिळून २०० वॅट, म्हणजे सतरा अँपिअरच्या आसपास. लुकासचा सी-४० डायनामो जेमतेम २२ अँपिअर देतो. वायपर लावला की बॅटरी उतरायला लागते. शिवाय होल्डर वितळतो.
- जुन्या काचेमागे एलईडी. रिफ्लेक्टर एका बारीक फिलामेंटसाठी घडवलेला असतो. एलईडीचा उजेड वेगळ्या जागेवरून निघतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. प्लस अर्थच्या गाडीत ती बरेचदा पेटत नाही किंवा जळते. मला स्वतःला या गाड्यांवर एलईडी अजिबात मान्य नाही. पिवळसर उजेड हा त्या गाडीच्या चेहऱ्याचा भाग आहे, आणि सांधे नीट असतील तर तो पुरतो.
- परदेशातून मागवलेली काच, न पाहता. इटलीत, अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात. तिथल्या डिपरचा पसारा उजवीकडे वर जातो. आपल्याकडे तो थेट समोरून येणाऱ्याला आंधळं करतो. मागवताना डावीकडून चालणाऱ्या रस्त्यांसाठीची काच आहे का, हे विचारून घ्या. ब्रिटनमधली चालते.

रोख जुळवणं

दिवा दुरुस्त झाला की हे काम उरतंच. टायरमध्ये योग्य हवा भरा, चालकाच्या जागी कुणाला तरी बसवा आणि सपाट जमिनीवर गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी करा. दिव्याच्या केंद्राची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खूण करा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या सुमारे साडेसात सेंटिमीटर खाली यायला हवी. रिंगखालचे दोन स्क्रू, एक उंचीचा आणि एक बाजूचा, थोडे थोडे फिरवा. ते गंजलेले असतात, म्हणून आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

कायदा काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत, आणि एरवीही पुरेसा उजेड नसताना, दिवे लावणं बंधनकारक आहे. नियम १०६ मध्ये डोळे दिपवणाऱ्या दिव्यांना मनाई आहे. गाडी जुनी आहे म्हणून यातून सूट नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते, आणि त्या तपासणीत हेडलाइट पाहिले जातात. तारीख घेण्याआधीच रोख जुळवून घ्या.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद आहे. तिच्यात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच आणता येते. रोज किंवा रात्री गाडी चालवायची असेल, तर ही नोंदणी घेण्याआधी विचार करा.

गॅरेजला देताना तुमचे हक्क

पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची मुंबईतली मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तिच्याबरोबर या गाड्यांचं वायरिंग डोळे मिटून ओळखणाऱ्या वायरमनांचं रोजचं कामही आटलं. असा माणूस सापडला तर त्याला धरून ठेवा. सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात, पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारात शोधता येतात. मूळ काच-रिफ्लेक्टर मिळाला तर गरज नसली तरी एक जोडी घेऊन ठेवा.

गॅरेजला गाडी देताना :

- दोन्ही हेडलाइटच्या काचांवरची अक्षरं, रिंग आणि आतल्या रिफ्लेक्टरचे फोटो काढा.
- खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि त्यापुढचं काम विचारल्याशिवाय करू नये, असं त्यावर लिहून घ्या.
- काढलेला प्रत्येक भाग परत मागा. ‘खराब झाला, टाकून दिला’ हे मान्य करू नका. या गाड्यांचा खराब रिफ्लेक्टरही मुलामा देऊन पुन्हा वापरता येतो.
- भागांची नावं असलेलं पक्कं बिल घ्या.
- गाडी अंधार पडल्यावर ताब्यात घ्या. दुपारी उन्हात हेडलाइट तपासता येत नाही.

पैसे घेऊन काम नीट केलं नाही किंवा मूळ भाग गायब झाला, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ती सेवेतली त्रुटी ठरते. आधी गॅरेजला लेखी कळवून मुदत द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात ती दाखल होते, वकील नेमण्याची सक्ती नाही, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. बिल, लेखी अंदाज आणि गाडी देण्याआधीचे फोटो सोबत जोडा.